दम घाटाचा की छातीचा?

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी बाह्यरुग्ण विभागात एक शिक्षक आले. वय ५२. आजार म्हणून काही नव्हता. तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. मित्रांच्या गटाबरोबर डिसेंबरात वाईहून महाबळेश्वरला सायकलवर जायचे ठरले होते. रोज पहाटे वीस किलोमीटर सायकल, तंबाखू नाही, मधुमेह नाही, रक्तदाब किंचित वाढलेला. डोळे झाकून सही करावी असा माणूस. सही करता करता सवयीने विचारले, ‘‘गुरुजी, चढाला कसं काय होतं?’’

‘‘तसं काही नाही, डॉक्टरसाहेब. पुलाकडून गावाकडं चढताना जरा जबड्यात आवळल्यासारखं होतं. वर आलं की जातं. पित्त असंल.’’

मी पेन खाली ठेवला. दाखला त्या दिवशी मिळाला नाही आणि गुरुजी नाराज होऊन गेले. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी चढ शरीराकडून काय मागतो ते पाहू. कारण आता आपल्या भागातूनही चाळिशी-पन्नाशीची मंडळी सायकली घेऊन सह्याद्रीच्या घाटांत जाऊ लागली आहेत. जरूर जावे. पण शरीराची तयारी करून जावे.

सपाटीचा हिशेब वेगळा

शिरूर अनंतपाळचा आपला मुलूख बालाघाटच्या पठारावरचा. हरिश्चंद्रगडाच्या भागात सह्याद्रीपासून फुटलेली ही रांग लातूरपर्यंत येता येता बुटकी होते. निलंग्याच्या किंवा उदगीरच्या दिशेने निघालो तर ओढ्यापाशी उतार आणि पलीकडे चढ, एवढेच. दोन-तीन मिनिटांत चढ संपतो आणि हृदयाला विसावा मिळतो.

सह्याद्रीत तसे नाही. वाई ते पाचगणी हा पसरणी घाटाचा रस्ता सुमारे बारा किलोमीटरचा. तेवढ्यात आपण पावणेसहाशे मीटरच्या आसपास वर जातो. कोकणातल्या पोलादपूरहून आंबेनळी घाटाने, प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वर गाठायचे तर सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटरची चढाई. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोर घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळा मान मिळतो, तो उगाच नाही.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची मुख्य झुंज वाऱ्याशी असते. दमलात तर वेग कमी करा, श्रम झपाट्याने उतरतात. पायडल थांबवले तरी सायकल पुढे जात राहते. चढावर झुंज स्वतःच्या वजनाशी असते. पायडल थांबले की सायकल थांबते. आणि तोल सांभाळण्यापुरता ताशी सहा-सात किलोमीटरचा वेग ठेवावाच लागतो. म्हणजे तीव्र चढावर श्रम एका मर्यादेखाली आणताच येत नाहीत. हलका गिअर नसलेल्या सायकलवर ही मर्यादा आणखी वर जाते.

माणूस आणि सायकल मिळून ८२ किलो धरा. पसरणी घाट चढायला नुसते वजन वर नेण्याचे काम सुमारे ११० किलोकॅलरींचे. पण आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामात उतरवतात. बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्ष खर्च पाचशेच्या घरात जातो, म्हणजे ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी. थंडीतही घाटात घामाने अंग भिजते ते यामुळेच.

दोष हवेचा नाही

पाचगणीला पोहोचलेले बरेच जण म्हणतात, ‘‘वर हवा विरळ, म्हणून दम लागला.’’ महाबळेश्वर साधारण १,३७० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असतो. एवढ्या फरकाने निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू फारसा घटत नाही. लडाखमधल्या ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत तो दाब निम्म्यावर येतो, तिथे विरळ हवेचे कारण खरे. सह्याद्रीत लागणारा दम हा कामाच्या बोजाचा आणि आपल्या तयारीचा असतो. क्वचित तो हृदयाचा असतो, आणि तोच ‘विरळ हवा’, ‘पित्त’, ‘वय झालं’ या नावांखाली लपतो.

दवाखान्यात हृदयाची ताण चाचणी करतो, तेव्हा रुग्णाला चालत्या पट्ट्यावर उभे करतो. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पट्टा सुरुवातीलाच दहा टक्के चढावर असतो आणि दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग दोन्ही वाढतात. विश्रांतीत ठीक वाटणारी रक्तवाहिनी हृदयाची मागणी वाढल्यावर पुरी पडते का, हे त्यातून कळते. घाटही तेच करतो. फरक एवढाच, की चाचणीत शेजारी डॉक्टर असतो, ईसीजी चालू असतो आणि पट्टा थांबवता येतो.

म्हणून ही खूण लक्षात ठेवा: छातीत, गळ्यात, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात जडपणा, आवळल्यासारखे होणे; श्रमाने येणारे आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारे. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत छातीत दुखेलच असे नाही. नेहमीच्याच चढाला अचानक जास्त दम, थंड घाम, विलक्षण थकवा एवढेच दिसू शकते. अशा वेळी शांत बसून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नये. तो विश्रांतीतल्या हृदयाचा असतो.

माझी फजिती

उपदेश करणाऱ्याने स्वतःचेही सांगावे. वयाच्या ४९ व्या वर्षी मी पहिल्यांदा पसरणी घाट चढायला गेलो. पहाटे नुसता चहा घेतला आणि पंचविशीतल्या पोरांच्या मागे लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्यांच्याशी बोलायला गेलो तर तोंडातून पूर्ण वाक्य निघेना. तरी थांबलो नाही. डॉक्टर असल्याचा अभिमान. अर्ध्या घाटात हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याकडेला बसून एका प्रवाशाने दिलेली चिक्की खाल्ली तेव्हा माणसात आलो. वेग चुकला होता आणि पोट रिकामे होते.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. पहिला, चढावर दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर गिअर हलका करा, तरीही जमत नसेल तर उतरून चाला. त्यात कमीपणा नाही. नाडीचा आकडा घड्याळावर पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडी वाढू देत नाहीत. तिथे आकडा फसवतो, बोलणे फसवत नाही.

दुसरा, निघण्यापूर्वी दोन तास आधी खावे आणि तासाभराहून जास्त चढ असेल तर वाटेत केळे, खजूर, गूळ-शेंगदाणे थोडे थोडे खात राहावे. पाण्यात ओआरएसची पुडी, किंवा लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. लांबच्या चढाईनंतर साखर त्याच रात्री झोपेतही उतरू शकते.

तयारी गावातच

घाटाची तयारी घाटातच व्हायला हवी असे नाही. पुलाकडून गावाकडे येणारा चढ सलग पाच वेळा चढा, उतरताना विसावा घ्या. आठवड्यातून दोनदा, दहा-बारा आठवडे. मग तुळजापूरच्या घाटासारखी छोटी चढण करून पाहा, पण यात्रेची गर्दी टाळून. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असलेल्या माणसाने त्याआधी तपासणी करून घ्यावी.

उतरणीचेही सांगायला हवे, कारण घाटात हाडे मोडतात ती बहुधा उतरताना. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावून थांबायला लागणारे अंतर चौपट होते. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबण्यापेक्षा वळणाआधी वेग कमी करावा, आणि सतत दाबून न ठेवता मधूनमधून सोडावा, म्हणजे चाकाची कड तापत नाही. हेल्मेट हवेच; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याचा साधा मारही महागात पडतो. घामाने भिजलेल्या सदऱ्यावर वारा लागून अंग गारठते, बोटे बधिर होतात. युरोपातले जुने शर्यतपटू शिखरावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन सदऱ्याखाली छातीशी ठेवत. हा वाचून झालेला अंक तुम्हालाही उपयोगी पडेल.

आपल्याच राज्यातल्या डॉक्टरांनी या खेळात मोठी मजल मारली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत संघ म्हणून पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. एवढी मजल एका हिवाळ्यात मारता येत नाही.

आता गुरुजींचे. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीच त्यांना घेऊन आल्या. लातूरला ताण चाचणी झाली. सहाव्या मिनिटाला जबडा आवळला आणि ईसीजी बदलला. अँजिओग्राफीत हृदयाची एक मुख्य वाहिनी बरीच अरुंद निघाली. स्टेंट बसवला, गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी चालणे, मग सपाटीवर सायकल, मग पुन्हा तोच पूल. हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर पुढच्या जानेवारीत ते पसरणी घाट चढले. मी सोबत होतो. सव्वादोन तास लागले, चार ठिकाणी थांबलो, पोरे केव्हाच पुढे गेली होती. वर पोहोचल्यावर त्यांनी दाखला मागितला नाही. मीच विचारले, ‘‘चढाला कसं काय झालं?’’

‘‘पाय दुखायलेत,’’ ते म्हणाले.

डॉक्टरला यापेक्षा चांगले उत्तर नको असते.