चार अंशांवर दंव कसें गोठतें?

कडाक्याच्या थंडींत महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं किंवा निफाडकडील शेतांत पहाटे पानांवर शुभ्र हिमकण दिसतात. वर्तमानपत्रांत मात्र त्या दिवसाचें तपमान तीन-चार अंश छापलेलें असतें. पाणी तर शून्य अंशावर गोठतें. मग खरें काय, असा प्रश्न पुष्कळांस पडतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वेधशाळेचा उष्णतामापक जमिनीपासून सुमारें ४ फूट उंचीवर झडपांच्या पेटींत असतो. तो हवेची उष्णता मोजतो, पानाची नव्हे. निरभ्र व निवांत रात्रीं पानें व जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहतात आणि वरच्या हवेहून अधिक थंड होतात. शिवाय थंड हवा जड असल्यामुळें सखल भागांत सांचते. म्हणून पेटींत ४ अंश असतांही खोलगट शेतांतील पान शून्याखालीं जाऊं शकतें. ढग असल्यास ते पांघरुणाचें काम करितात. वारा असल्यास वरची उबदार हवा खालीं मिसळते. यास्तव थंडीच्या लाटेंत आभाळ स्वच्छ होऊन सायंकाळीं वारा पडला, कीं ती रात्र धोक्याची समजावी.

अशा वेळीं अगोदरच विहिरीचें पाणी हलकेंच द्यावें. तें हिवाळी रात्रीच्या हवेहून उबदार असतें, आणि ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षां दिवसाची उष्णता अधिक सांठविते. पहाटे बागेंत शेकोट्या पेटवावयाच्या तर एका मोठ्या जाळापेक्षां अनेक लहान जाळ बरे. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. नुसत्या धुराचा उपयोग समजतात तितका होत नाहीं. थंड देशांत फळझाडांवर रात्रभर पाण्याचे तुषार उडवितात. एक ग्रॅम पाणी गोठतांना ८० कॅलरी उष्णता सोडतें, तिनेंच कळी वांचते. परंतु बर्फ वितळण्यापूर्वीं पाणी बंद पडल्यास उलट अधिक नुकसान होतें.

महसूल खात्यांत कारकून असतांना एका शेतकऱ्याच्या अर्जावर “तपमान ४ अंश होतें, सबब दंव गोठणें संभवत नाहीं” असा शेरा मींच लिहिला होता. तो चुकीचा होता, हें मला फार उशिरां समजलें. म्हणून वाचकांस विनंती अशी कीं, शेताच्या सर्वांत सखल जागीं, पिकाच्या उंचीवर, एक उष्णतामापक उघड्यावर टांगावा व पहाटेचा आंकडा तारखेसह वहींत टिपून ठेवावा. पाणी केव्हां द्यावें हें त्यावरून ठरवितां येईल, आणि पंचनाम्याच्या वेळीं दाखविण्यास आपल्याच शेताची नोंद हातीं असेल.