चिकटलेल्या साखरेचा हिशेब

भाकरी तव्यावर खरपूस होते, ती पिठातील साखर आणि प्रथिने यांच्या संयोगाने. फ्रेंच शास्त्रज्ञ माइयार यांनी १९१२ साली ही क्रिया मांडली. मधुमेहात असेच काहीसे शरीरात संथपणे घडते. रक्तातील जादा साखर प्रथिनांना चिकटते. याला ग्लायकेशन म्हणतात. डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांच्या हानीचे ते एक कारण आहे.

ही साखर बहुधा प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लाला धरते. म्हणून संशोधकांनी युक्ती काढली. सुटे लायसिन किंवा कार्नोसिन हे दोन अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड पुढे केले, तर साखर त्यालाच चिकटेल आणि प्रथिन वाचेल! परीक्षानळीत हे साधते. परंतु माणसाच्या रक्तातील एक विकर कार्नोसिनचे तुकडे करून टाकते. तेव्हा पावडरीच्या डब्यावर विसंबून औषध सोडणे घातक आहे. मूत्रपिंडे दुबळी असतील तर असे डबे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

खात्रीचा मार्ग साखर आटोक्यात ठेवण्याचाच. इन्सुलिनवर असलेल्या १४४१ रुग्णांच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासाने तो सिद्ध केला.

घरात कोणी मधुमेही असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा एचबीएवनसी तपासणी अवश्य करावी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. आदल्या दिवशी गोड सोडून तो फिरवता येत नाही.