पिल्लू आणताय? आधी हिशेब करा!

मे महिन्याची सुट्टी लागली की मुले गल्लीतले एखादे पिल्लू पोटाशी धरून घरी आणतात. "आई, ठेवू या ना!" हा हट्ट कोणत्या घराला चुकला आहे? मग हौसेने ते ठेवून घेतले जाते. सहा महिन्यांत पिल्लू मोठे होते, चपला फाडते, रात्री भुंकते आणि एके दिवशी त्याला दूर बाजारात सोडून दिले जाते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्राणिमात्रांविषयी आहे. तिच्यात नुसती दया नाही, लालनपालनही आहे. दया क्षणात येते; लालनपालनाला वर्षे लागतात. कुत्रे साधारण दहा ते पंधरा वर्षे जगते. आज पाचवीतल्या मुलासाठी पिल्लू आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा मुलगा नोकरीच्या शोधात असेल. इतकी वर्षे त्याचे कोण करणार, हे आधी घरात बसून ठरवावे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "ज्या तळ्यावर कुत्र्यामांजरांना पाणी मिळत होते, तिथे आपल्याला मज्जाव होता. कुत्र्याचे कसले लाड करता?" ही वेदना खरी आहे. परंतु दोष माणसांचा होता, मुक्या जनावराचा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करणाऱ्या बाबासाहेबांनीही कुत्रा पाळला होता. फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातले त्यांचे कौटुंबिक छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यात माता रमाई आणि यशवंतरावांबरोबर त्यांचा लाडका टॉबीही आहे.

पैसे टाकून 'जातिवंत' पिल्लू आणावे, असे काहींना वाटते. जात मोडायला निघालेल्या आपल्याला कुत्र्याची जात कशाला हवी? गावठी पिल्लू आपल्या हवेत चांगले तग धरते. मात्र दोन महिन्यांचे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये.

आता खर्चाचा आणि वेळेचा हिशेब. पिल्लाला पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध द्यावे लागते. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात आणि चार महिन्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात. त्या चुकल्या तर पार्व्होसारख्या रोगाने रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दगावते. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे, आणि नंतर दरवर्षी. लहान असताना दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला घालावे. भात, उकडलेले अंडे, हाडे काढलेले चिकन चालते. शिजलेली हाडे, कांदा, लसूण, द्राक्षे आणि चॉकलेट मुळीच देऊ नये.

दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार वेळ धरता येत नाही. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला बाहेर न्यावे. मारून ते शिकत नाही, घाबरते. चौथ्या महिन्यापासून दात बदलू लागतात, म्हणून ते चावत सुटते. दहा बाय दहाच्या खोलीत आईवडील दोघेही कामाला आणि मुले शाळेत असतील, तर दिवसभर त्याच्याकडे कोण पाहणार? त्याला बांधून ठेवणे म्हणजे लालनपालन नव्हे.

पिल्लाचा दात लागला किंवा ओरखडा उठला तरी दुर्लक्ष करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात लस घ्या. चुना, हळद, अंगारा लावण्यात वेळ दवडू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागली की बहुधा माणूस हाती लागत नाही.

पाळलेले जनावर उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाही आहे. तेव्हा जमत नसेल तर मुलांना प्रेमाने 'नाही' म्हणा. वस्तीतल्या कुत्र्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवता येते, चार घरांनी मिळून त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घेता येते. त्यातही तेरावी प्रतिज्ञा पाळली जाते. आणि जमणार असेल, तर खुशाल आणा. पण शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळण्याच्या तयारीने.

जय भीम!