मिस्सापूर्व वस्त्रधारणा : परंपरा आणि भारतीय रूपांतर

कॅथलिक धर्मगुरू मिस्सा अर्पण करण्यापूर्वी ठरावीक क्रमाने उपासनावस्त्रे परिधान करतात. प्रथम 'आल्ब' हा पायघोळ शुभ्र झगा. तो बाप्तिस्म्याच्या वस्त्राचे स्मरण देतो. त्यानंतर गळ्यात 'स्टोल' हा लांब पट्टा आणि सर्वांवर 'चॅझुबल' हे सैल बाह्यवस्त्र घेतले जाते. स्टोल व चॅझुबल यांचा रंग उपासनावर्षानुसार बदलतो : आगमनकाळात व उपवासकाळात जांभळा, नाताळ व ईस्टरच्या काळात पांढरा, रक्तसाक्षींच्या स्मृतिदिनी लाल आणि सामान्य काळात हिरवा.

आल्ब व चॅझुबल यांचे मूळ रोमन साम्राज्यातील नागरी पोशाखात आहे. कालांतराने लोकांचा वेश बदलला. उपासनेतील वेश मात्र टिकून राहिला व त्यास प्रतीकार्थ लाभला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, रोमने भारतातील उपासनाविधीसाठी १२ रूपांतरांना मान्यता दिली. त्यांत अंगरख्यासारखे एकच वस्त्र व त्यावर स्टोल म्हणून अंगवस्त्र वापरण्याची मुभा होती. काही भाविकांना त्यात हिंदूकरण जाणवले व त्यांनी विरोध केला. तथापि आल्बचा इतिहास लक्षात घेता, लौकिक वस्त्राने उपासनेत स्थान मिळविणे हे परंपरेशी सुसंगतच ठरते.