वंशावळींतील मुख्य व्यक्ति

वंशावळ म्हटली म्हणजे तळाशीं मूळपुरुष, त्याच्यापासून फुटलेल्या शाखा व शेंड्यावर आजचीं मुलें, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. संगणकावरील वंशावळीची रीत निराळी आहे. तेथें एक मुख्य व्यक्ति ठरवावी लागते, व बाकीचें सारें कुटुंब तिच्याशीं असलेल्या नात्यानें ओळखलें जातें. ग्रॅम्प्स नांवाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्यें तिला 'होम पर्सन' म्हणतात. ही व्यक्ति बदलली असतां नेमकें काय बदलतें, हें आमच्या वर्ध्याच्याच एका सर्वश्रुत घराण्याच्या उदाहरणानें पाहूं.

शेठ जमनालाल बजाज यांचे नातू राहुल बजाज (१९३८-२०२२) यांस प्रथम मुख्य व्यक्ति करावें. पूर्वजांस क्रमांक देण्याची एक जुनी पद्धति आहे. मुख्य व्यक्तीस १. कोणाच्याहि क्रमांकाची दुप्पट केली कीं त्याच्या पित्याचा क्रमांक येतो, व तींत १ मिळविला कीं मातेचा. त्याप्रमाणें पिता कमलनयन २, आजोबा जमनालाल ४ व आजी जानकीदेवी ५. आतां जमनालालजींची कन्या मदालसा हिच्या मुलास मुख्य करा. पिता श्रीमन्नारायण २, मदालसा ३, जमनालाल ६, जानकीदेवी ७. आणि कमलनयन यांस क्रमांकच उरत नाहीं, कारण येथें ते पूर्वज नसून मामा आहेत. राहुल यांची जी आत्या, तीच येथें आई. मूळ नोंदींतील एक अक्षरहि मात्र हाललेलें नाहीं.

येथेंच पुष्कळ विद्यार्थी चुकतात. मुख्य व्यक्ति बदलावयाची म्हणून ते पहिल्या चौकटींतील नांव खोडून तेथें दुसरें लिहितात. आमच्यापैकीं एकानें असें आपलें नांव काढून आजोबांचें घातलें, तों आजोबा आपल्याच मुलाचे पुत्र ठरले! नांव खोडूं नये. हवी ती व्यक्ति निवडावी, व 'एडिट' या यादींतून तिला मुख्य व्यक्ति करण्याची आज्ञा द्यावी. नुसत्या निवडीनें चित्र त्या व्यक्तीकडे सरकतें खरें, परंतु नातीं पहिल्याच मुख्य व्यक्तीपासून मोजलीं जातात.

आतां खुद्द जमनालालजींस मुख्य करूं. आणि प्रश्न उभा राहतो कीं, क्रमांक २ कोणाचा? त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं सीकरजवळील काशी का बास या खेड्यांत, कनीराम व बिरदीबाई यांच्या पोटीं झाला. १८९४ सालीं वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनीं त्यांस नातू म्हणून दत्तक घेतलें. कागदावरील वंशावळींत बहुधा दत्तक घराची शाखा तेवढी राहते. संगणकांत एकाच मुलास दोन्ही कुटुंबांशीं जोडतां येतें. एका ठिकाणीं 'जन्मानें' व दुसऱ्या ठिकाणीं 'दत्तक' अशी नोंद करावी. क्रमांक एकाच बाजूस मिळेल, तो कोणत्या, हें लिहिणाऱ्यानें ठरवावें. पण ज्या आईनें पांच वर्षांचें मूल दुसऱ्याच्या हवालीं केलें, तिचें नांव गाळणें आम्हांस बरें वाटत नाहीं. (१९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळीं जमनालालजींनीं गांधीजींस, आपणांस पांचवा पुत्र मानावें, अशी विनंति केली. या नात्यास कोणतीच चौकट पुरणार नाहीं. तें टिपणांत लिहावें.)

जानकीदेवींस मुख्य केलें कीं चित्र पुन्हां पालटतें. वर्धा हें त्यांचें सासर. पूर्वज शोधावयाचे तर मध्यप्रदेशांतील जावरा येथें, त्यांच्या माहेरीं जावें लागतें. जुन्या वंशावळींत सुनेचें केवळ नांव येई, व कित्येकदां तेंहि नसे.

विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या वंशावळींत आईस मुख्य व्यक्ति करून पाहावें. दोन-तीन चौकटी भरतील, पुढच्या कोऱ्या दिसतील. आईच्या आजीचें माहेरचें नांव आमच्यापैकीं फारच थोड्यांस सांगतां आलें. दिवाळीच्या सुटींत मामाच्या गांवीं जाल, तेव्हां वही बरोबर न्यावी, व घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीस तें आधीं विचारावें.