गॅप पडली म्हणजे नोकरी संपली? कर्जत-खालापूरमधले सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

रसायनीतल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कारखान्याचा गाशा गुंडाळण्याचा निर्णय केंद्र सरकारने मे २०१७मध्ये घेतला. तेव्हा प्लांटवरच्या कामगारांबरोबर अकाउंट्स, स्टोअर, टाइम ऑफिस अशा टेबलांवरची माणसंही घरी बसली. कर्जतकडे नोकरी सुटते ती वेगळ्या कारणाने. मुंबईच्या ऑफिसला जायला दोन तास, यायला दोन तास. मूल झालं किंवा घरात आजारपण आलं की हा प्रवास झेपत नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात पाच-सहा वर्षं गेलेली मुलंही कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत आहेत.

कारणं निरनिराळी असली, तरी पुन्हा ऑफिसची नोकरी शोधायला निघाल्यावर मिळणारे सल्ले सारखेच असतात. त्यातले बरेच चुकीचे असतात आणि त्यांच्यापायी चांगला माणूस आणखी वर्षभर घरी राहतो. म्हणून ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : जितकी वर्षं घरी, तितकी किंमत कमी

वस्तुस्थिती : गॅपचा तोटा होतो, हे खरं. तो वर्षागणिक वाढतच जातो, हे मात्र खरं नाही. तीन अर्थतज्ज्ञांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे १२,००० काल्पनिक बायोडाटा अमेरिकेतल्या १०० शहरांतल्या नोकऱ्यांसाठी पाठवले होते. बेरोजगारीच्या पहिल्या आठ महिन्यांत मुलाखतीची बोलावणी घटत गेली. पुढे तीन वर्षांच्या गॅपपर्यंत ती जवळपास तेवढीच राहिली. जिथे मुळातच बेरोजगारी जास्त, तिथे मालकांनी गॅप फारशी मनावर घेतली नाही. अमेरिका म्हणजे खोपोली नव्हे, पण ‘आता फार उशीर झाला’ या निराशेला या प्रयोगात आधार सापडत नाही.

गैरसमज २ : छोटं काम घेतलं तर बायोडाटा खराब होतो

वस्तुस्थिती : उलट, गॅपवरचा सगळ्यात खात्रीचा उपाय तोच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अशाच अभ्यासात दिसलं, की जुन्या बेरोजगारीनंतर माणसाने काम केलेलं असेल, तर मालक ती बेरोजगारी धरत नाहीत. अडचण येते ती आजही चालू असलेल्या, नऊ महिन्यांवर गेलेल्या गॅपची. म्हणून पतपेढीतलं काउंटर, सीएच्या ऑफिसमधली डेटा एंट्री, शाळेचं कार्यालय, रिसॉर्टचं फ्रंट ऑफिस यांतलं काहीही कमीपणाचं नाही. सहा महिने तिथे काढलेत, की पुढच्या मुलाखतीला तुम्ही ‘घरी असलेले’ उमेदवार नसता.

गैरसमज ३ : कंत्राटदाराच्या पेरोलवरची नोकरी धरत नाहीत

वस्तुस्थिती : भविष्यनिर्वाह निधीचा कायदा कंत्राटदाराच्या माणसांनाही लागू होतो आणि कंत्राटदाराने पैसे भरले नाहीत, तर मूळ कंपनीची जबाबदारी असते. पीएफच्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, पण ती सलग असण्याची गरज नसते. आधीच्या नोकरीची सात वर्षं असतील आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले नसतील, तर तीन वर्षांच्या कंत्राटी नोकरीने १० पूर्ण होतात. त्यामुळे कंत्राटी काम घेताना एकच प्रश्न नक्की विचारा : पीएफ माझ्या जुन्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, भरणार ना?

गैरसमज ४ : गॅप लपवावी, तारखा जुळवून द्याव्यात

वस्तुस्थिती : हे कधीही करू नका. २०१४पासून प्रत्येक पीएफ सभासदाला एकच यूएएन मिळतो आणि पासबुकात महिन्या-महिन्याची नोंद असते. एचआरला खोटी तारीख पकडायला पाच मिनिटं पुरतात, आणि मग प्रश्न गॅपचा न राहता खोटेपणाचा होतो. त्यापेक्षा बायोडाट्यात सरळ एक ओळ लिहावी :

‘२०१९ ते २०२४ : सासऱ्यांच्या आजारपणामुळे नोकरी सोडली. या काळात गावातल्या बचत गटाची रोजकीर्द आणि बँकेचे व्यवहार सांभाळले.’

मुलाखतीतही एवढंच सांगायचं. कारण एका वाक्यात, त्या काळात केलेलं काम दुसऱ्या वाक्यात आणि ‘आता घरची व्यवस्था लागली आहे, मी पूर्णवेळ येऊ शकते’ हे तिसऱ्यात. बचत गटाचे हिशेब, घरच्या दुकानाची बिलं, सोसायटीचं दप्तर ही खरी कामं आहेत. ती लिहायला लाजू नये.

गैरसमज ५ : पूर्वी केलंय, त्यामुळे काम येतंच

वस्तुस्थिती : गॅपमधली खरी अडचण इथे आहे, आणि ती दूर करणं आपल्या हातात आहे. २०१६मध्ये अकाउंट्स सोडलेल्या माणसाला व्हॅट आणि एक्साइज तोंडपाठ असेल; १ जुलै २०१७पासून जीएसटी आला. २०१८पासून ई-वे बिल सुरू झालं. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. आता मुख्यतः ५ आणि १८ राहिले.

कारखान्याच्या स्टोअरमधलं टेबल डोळ्यांसमोर आणा. गेटवर ट्रक उभा राहतो. वजनकाट्याची पावती, चलन, इनव्हॉइस आणि ई-वे बिल टेबलावर येतं. इनव्हॉइसवरचा जीएसटी नंबर, एचएसएन कोड आणि गाडीचा नंबर ई-वे बिलाशी जुळतो का, हे आधी बघायचं. मग माल मोजून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, बनवायची आणि संगणकावर साठा चढवायचा. माल राज्याबाहेरून आला असेल तर ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असेल तर एक लाखाच्या वर ई-वे बिल लागतं. एवढं ज्याला न अडखळता सांगता येतं, त्याची गॅप समोरचा विसरतो. त्यासाठी महागडा कोर्स नको. टॅली, एक्सेल आणि मराठी-इंग्रजी टायपिंगवर रोज हात बसवला तर दोन-तीन महिने पुष्कळ झाले.

गैरसमज ६ : ऑफिसची नोकरी म्हणजे मुंबईच

वस्तुस्थिती : कर्जत ते सीएसएमटी अंतर १०० किलोमीटर. खोपोलीहून आणखी पंधरा, त्यात पळसदरीपुढे एकेरी मार्ग आणि मोजक्या गाड्या. वर्षानुवर्षं घरी राहिलेल्या माणसाने पहिल्याच दिवसापासून हा भार घेतला, तर नोकरी महिन्याभरात सुटण्याची भीती असते. प्रत्येक कारखान्याला, गोदामाला, रुग्णालयाला, कॉलेजला ऑफिस असतंच. पाताळगंगा एमआयडीसी, खोपोली, सावरोली-खारपाडा रस्ता, नेरळ-कर्जतची रिसॉर्ट्स इथे आधी विचारा. पगार मुंबईपेक्षा कमी वाटला, तर पासाचे पैसे आणि रोजचे चार तास हिशेबात धरून पुन्हा बघा.

गैरसमज ७ : वशिला नसेल तर काही होत नाही

वस्तुस्थिती : ओळख लागते, पण ती साहेबाचीच असावी लागत नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. घरच्यांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. लोकलच्या डब्यातला जुना ग्रुप, आधीच्या कंपनीतला डिस्पॅचवाला, मुलाच्या शाळेतले पालक यांना स्पष्ट सांगा : मी स्टोअर किंवा अकाउंट्सचं काम शोधतोय.

‘आम्ही स्थानिक, कंपनीला आम्हाला घ्यावंच लागेल’ या भरवशावरही थांबू नका. राज्याच्या धोरणातली ८० टक्के स्थानिकांची अट सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी आहे, तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, आणि त्यातून एखाद्या उमेदवाराला नोकरीचा हक्क मिळत नाही. राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नोंदणीही अवश्य करा, पण नोंदणी म्हणजे नेमणूक नव्हे. आणि ‘एमआयडीसीत लावतो, आधी फॉर्मचे पैसे टाका’ असं कोणी म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

घरी बसल्याचा कमीपणा माणसाला दारं ठोठावू देत नाही, आणि या सात गैरसमजांनी तोच कमीपणा वाढतो. आजारी माणसाची सेवा करणं, कारखाना बंद पडणं, परीक्षेत यश न येणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. या आठवड्यात यूएएन चालू करून पासबुक बघा, बायोडाट्यात गॅपची ती ओळ लिहा आणि दूरच्या ओळखीतल्या चार-पाच जणांना फोन करा. पहिलं काम मनासारखं नसलं तरी घ्या. दुसरं मागताना तुम्ही कामावर असाल.