नगर जिल्ह्यातील परकी आक्रमक वनस्पती: ओळख व नियंत्रण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याची वनभूमी एकजिनसी नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची घनदाट राने असून १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य त्यांतच येते. पूर्वेस व दक्षिणेस मात्र पर्जन्यछायेतील काटेरी झुडुपे आणि गवताळ माळ आहेत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य हे अशाच भूमीवरचे. त्यामुळे परकी वनस्पतींचा प्रश्नही या दोन भागांत दोन निरनिराळ्या रूपांनी उभा राहतो. परकी म्हणजे आक्रमक, असे मात्र समजू नये. मिरची व पेरू ही परदेशांतूनच आली. जी वनस्पती मनुष्याच्या साहाय्यावाचून पसरते व मूळ वनस्पतींना हुसकावून लावते, तिलाच आक्रमक म्हणणे योग्य होय.

माळरानास सर्वाधिक धोका वेड्या बाभळीचा (प्रोसोपिस ज्यूलिफ्लोरा). हा अमेरिकेतील वृक्ष उजाड जमिनीवर सरपण मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकात मुद्दाम आणला गेला. गावठी बाभळीशी त्याची गल्लत होते. परंतु बाभळीचे फूल गोल पिवळ्या गोंड्यासारखे व शेंग मण्यांच्या माळेसारखी असते, तर वेड्या बाभळीचा फुलोरा लांबट तुऱ्यासारखा व शेंग जवळजवळ सलग असते. सौंदडीशी, म्हणजे शमीशी, होणारी गल्लत अधिक हानिकारक, कारण ती याच प्रजातीतील देशी वृक्ष आहे व चुकून तोडली जाण्याचा संभव असतो. सौंदडीचे काटे दोन पेरांमधील भागावर विखुरलेले असतात. वेड्या बाभळीचे काटे पेरापाशी, बहुधा जोडीने येतात.

शेळ्यामेंढ्या गोड शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून दूरवर पडते. खोड जमिनीवर तोडल्यास बुंध्यापासून अनेक धुमारे फुटतात, म्हणून सरपणासाठी होणारी तोड झाडाचा नाश न करता त्याची झुडुपी दाटीच वाढवते. काळविटास दूरवर दृष्टी पोचेल असा मोकळा माळ लागतो. तेथे ही दाटी म्हणजे गवताचा आणि सुरक्षिततेचा एकदमच लोप. दुसऱ्या बाजूस, गरीब कुटुंबांची चूल व कोळशाच्या भट्ट्या याच लाकडावर चालतात, ही गोष्ट दृष्टीआड करून आखलेली योजना टिकणार नाही. तोड करणाऱ्यांनाच बुंधा मुळाच्या माथ्यासह, म्हणजे जमिनीखालून, काढण्याची मजुरी देणे हा त्यांतल्या त्यात व्यवहार्य मार्ग दिसतो.

गाजरगवताची (पार्थेनियम) नोंद १९५५च्या सुमारास पुण्यात झाली. गाजरासारखी चिरलेली पाने व पांढरी बारीक फुले ही त्याची खूण. एक रोप हजारो बिया देते, म्हणून फुलण्यापूर्वीच, हातमोजे घालून उपटावे. त्यातील पार्थेनिन त्वचेस अपाय करते. १९८०नंतरच्या दशकात मेक्सिकोतून झायगोग्रामा भुंगेरा आणून सोडण्यात आला. तो पावसाळ्यातच कार्यक्षम असतो व कोरड्या ऋतूत जमिनीत सुप्त राहतो. तेव्हा नगरच्या अवर्षणी पट्ट्यात त्याच्यावर फार विसंबता येत नाही.

घाणेरी (लँटाना) मोकळ्या झालेल्या रानकडेस सापडते. चौकोनी काटेरी खोड, खरखरीत उग्र वासाची पाने आणि रंग पालटणारी फुले यांवरून ती ओळखता येते. पक्षी तिची फळे खाऊन बी पसरवितात. मूळ जमिनीखाली काही सेंटीमीटरवर तोडून झुडूप उलटे टाकल्यास पुन्हा फुटत नाही.

कीटकांच्या बाबतीत इतिहास बोधप्रद आहे. फड्या निवडुंगाचा भारतात पडलेला बीमोड १९२६ साली आणलेल्या कोचिनियल कीटकाने केला, हे यश निर्विवाद. परंतु १९४१ साली घाणेरीसाठी आणलेला टेलिओनेमिया ढेकूण सागाच्या फुलोऱ्यावरही जगू शकतो असे चाचणीत दिसून आल्याने त्याचा साठा नष्ट करावा लागला, आणि तरीही तो निसटून रानात गेलाच.

काढलेल्या जागी मारवेल, पवन्या यांसारखे देशी गवत त्वरित न पेरल्यास मोकळ्या मातीत प्रथम गाजरगवतच येते. बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, म्हणून पहिल्या पावसानंतर, माती ओली व रोपे कोवळी असताना, त्याच जागी पुढील काही वर्षे फेरी मारावी लागते.